ब्रेक लागतात कसे आणि जातात कसे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे एक शिक्षक मित्र, मी आणि आणखी दोघे असे चौघे जण त्यांच्या जुन्या मोटारीने पुण्याहून निघालो होतो. खंडाळा मागे टाकून घाट उतरू लागलो. पेट्रोल वाचावे म्हणून मित्राने गाडी न्यूट्रलवर टाकली होती. उतारावर ही सवय आपल्याकडे पुष्कळांना आहे. प्रत्येक वळणापाशी ते ब्रेक दाबत आणि वळण संपले की सोडत. घाट बराचसा उतरून झाला असता ते एकदम म्हणाले, "अहो, ब्रेक लागत नाहीये!" पेडल सरळ तळाला टेकत होते. त्यांनी पुन्हा पुन्हा पेडल मारले, खटपट करून गाडी गिअरमध्ये घातली, हातब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात घासत नेऊन थांबवली. कोणाला काही इजा झाली नाही.

अर्ध्या तासाने एक मेकॅनिक आला. त्याने बॉनेट उघडून पाहिले, चारही चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवला, पेडल दाबले आणि म्हणाला, "साहेब, ऑइल भरलेलं आहे, गळती कुठे नाही. ब्रेक तर एकदम टाइट आहे. काही झालेलं नाही." आम्हीही दाबून पाहिले. पेडल खरोखरच घट्ट लागत होते. मित्राच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. मला मात्र जास्तच काळजी वाटू लागली. गेलेले ब्रेक कारण न कळता परत आले असतील, तर ते पुन्हाही जाणार.

त्या अर्ध्या तासात नेमके काय घडले, हे कळण्यासाठी मोटारीच्या ब्रेकचा इतिहास थोडा चाळावा लागेल. या इतिहासात पास्कलचा नियम आहे, चामड्याची एक वाटी आहे, आणि रेल्वेच्या डब्यात लोंबणारी साखळीही आहे.

लाकूड, चामडे आणि दांडे

पहिल्या मोटारी बग्गीच्या कुळातल्या होत्या आणि त्यांचे ब्रेकही बग्गीचेच होते. चाकाच्या कडेवर लाकडाचा ठोकळा दाबायचा, घर्षणाने चाक थांबायचे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझ यांची पत्नी बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. सुमारे शंभर किलोमीटरच्या या प्रवासात उतारावर ब्रेकचे ठोकळे झिजून गेले, तेव्हा तिने वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांच्यावर चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या लायनरचा जन्म असा रस्त्यावर झाला. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनाही अशाच निरीक्षणातून कल्पना सुचली. डोंगराळ भागातले गाडीवान उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचे तुकडे लावतात, हे त्यांनी पाहिले आणि १८९७ मध्ये ब्रेकचे अस्तर बनवण्याचा उद्योग सुरू केला.

१९०२ मध्ये फ्रान्सच्या लुई रेनॉ यांनी ठोकळा चाकाच्या बाहेरून काढून आत नेला. चाकाबरोबर फिरणारा एक पोकळ ड्रम आणि त्याच्या आत दोन अर्धगोल शू. ब्रेक दाबला की शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. धूळ-पाण्यापासून बऱ्यापैकी बचाव झाला. परंतु पेडलपासून शूपर्यंत पायाचे बल न्यायचे कसे? त्यासाठी लोखंडी दांडे, तरफा आणि तारा होत्या.

त्या काळी बहुतेक गाड्यांना फक्त मागच्या चाकांना ब्रेक असत. चारही चाकांना ब्रेक लावायचे तर दोन अडचणी होत्या. पुढची चाके वळतात, मग वळणाऱ्या चाकापर्यंत दांडा न्यायचा कसा, ही एक. दुसरी अधिक कठीण होती. चार दांड्यांची लांबी अगदी बरोबर जुळवली नाही तर एक चाक आधी धरते, बाकीची नंतर, आणि गाडी आडवी फिरते. आज जुळवले तरी महिन्याभरात एक लायनर जास्त झिजतो आणि बिघडते. चार चाकांना समान न्याय देणारा काही मार्ग हवा होता.

पास्कलचे माप आणि ब्रामाची गळती

तो मार्ग कागदावर अडीचशे वर्षांपूर्वीच सापडला होता. ब्लेझ पास्कल यांनी द्रवांच्या समतोलावर लिहिलेला प्रबंध त्यांच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे त्याचे सार. पाण्याने भरलेल्या भांड्याला दोन तोंडे असावीत, एकाचे क्षेत्रफळ दुसऱ्याच्या शंभरपट असावे, दोन्हींत दट्टे बसवावेत. मग लहान दट्ट्यावर एक माणूस जोर लावून मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांना तोलून धरील, असे उदाहरण त्यांनी दिले होते.

नियम साधा, यंत्र बनवायला सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. १७९५ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामा यांनी द्रवचालित दाबयंत्राचे पेटंट घेतले. त्यांच्यापुढची अडचण अशी की दाब वाढला की पाणी दट्ट्याच्या कडेने बाहेर येई. दट्ट्या घट्ट बसवावा तर तो हलत नाही, सैल ठेवावा तर गळतो. यावरचा उपाय शोधल्याचे श्रेय ब्रामांचा कुशल कारागीर हेन्री मॉड्सले याच्याकडे जाते. त्याने चामड्याची एक वाटी बनवली आणि तिची उघडी बाजू पाण्याकडे ठेवली. पाण्याचा दाब वाढला की तोच दाब वाटीच्या कडा बाहेर फाकवून सिलिंडरच्या भिंतीवर घट्ट धरतो. दाब जितका जास्त, तितकी पकड जास्त. दाब नसताना वाटी सैल आणि दट्ट्या मोकळा. गळती घडवणाऱ्या बलालाच गळती थांबवण्याच्या कामाला लावणारी ही युक्ती विद्यार्थ्यांना जरूर दाखवावी. आज मोटारीच्या प्रत्येक ब्रेक सिलिंडरमध्ये जो छोटा काळा रबर असतो, ज्याला मेकॅनिक 'वॉशर' म्हणतात, तो या चामडी वाटीचाच वंशज आहे.

लॉकहीड आणि क्रायस्लर

द्रवाने चालणारे ब्रेक मोटारीत आणण्यात मोठा वाटा अमेरिकेच्या माल्कम लॉकहीड यांचा. त्यांचे मूळ आडनाव उच्चाराला अवघड होते, म्हणून त्यांनी ते असे सोपे करून घेतले. त्यांचे बंधू ॲलन विमाने बनवण्यासाठी प्रसिद्ध झाले. विमानांच्या कंपनीमुळे आपल्याला परिचित असलेले नाव तेच. माल्कम यांनी १९१७ मध्ये ब्रेकचे पेटंट मिळवले आणि पुढे ते विमानांचा नाद सोडून मोटारींच्या डेट्रॉइटला गेले.

१९२१ च्या जुलैमध्ये फ्रान्समधील ल मां येथे मोटारींची ग्रां प्री शर्यत झाली. ती जिमी मर्फी या अमेरिकी चालकाने ड्यूझेनबर्ग गाडीतून जिंकली. या गाडीच्या चारही चाकांना द्रवाचे ब्रेक होते, आणि त्या द्रवात पाणी व ग्लिसरीन होते. त्याच सुमारास ड्यूझेनबर्गने रस्त्यावरच्या गाडीतही चारही चाकांना असे ब्रेक दिले. परंतु ती श्रीमंतांची गाडी होती. सामान्य ग्राहकाच्या आवाक्यातल्या गाडीत हे ब्रेक १९२४ मध्ये क्रायस्लरने आणले. त्याआधी क्रायस्लरच्या अभियंत्यांना लॉकहीड यांच्या रचनेत तीच जुनी अडचण दिसली होती. कातड्याच्या वाट्या गळत होत्या. अभियंत्यांनी त्या जागी रबराच्या वाट्या बसवल्या, तेव्हा कुठे रचना भरवशाची झाली.

तरीही सर्वांना ती पटली नाही. दांड्यांचे समर्थक म्हणत, लोखंडाचा दांडा डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. नळीतल्या पातळ द्रवावर जिवाचा भरवसा कसा ठेवायचा? हेन्री फोर्ड याच मताचे होते. फोर्डच्या गाड्यांत द्रवाचे ब्रेक आले ते १९३९ च्या मॉडेलपासून. आपण आज फोर्ड यांच्या हट्टाला हसतो, पण त्यांच्या शंकेत तथ्य होते.

एकच गुण, एकच दोष

थोडे आकडे मांडू. समजा, आपण पेडलवर २० किलोग्रॅम भाराइतके बल लावले. पेडल ही तरफ आहे. ती हे बल पाचपट करते असे धरू. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलो पडले. दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर असेल तर द्रवातला दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३३ किलो. हाच दाब नळ्यांतून चारही चाकांकडे जातो. चाकापाशी प्रत्येकी ४ चौरस सेंटिमीटरचे दोन दट्टे असतील तर प्रत्येक दट्ट्या शूला सुमारे १३३ किलोने ढकलतो. असे एकूण आठ दट्टे.

या रचनेची खरी मेख पुढे आहे. एखाद्या चाकाचा शू ड्रमला अजून टेकला नसेल तर त्याचा दट्ट्या सहज सरकतो, द्रव तिकडे वाहतो आणि दाब कुठेच चढत नाही. सर्व शू आपापल्या ड्रमला टेकले, कोणालाही आणखी सरकायला जागा उरली नाही, की मग दाब चढतो आणि सगळीकडे एकदम चढतो. चार दांडे जुळवण्याची कटकट निसर्गाच्या नियमानेच मिटली. समान न्याय आपोआप झाला.

आता याच वाक्याची दुसरी बाजू वाचा. द्रवाला सरकायला कुठेही जागा मिळाली तर दाब कुठेच चढत नाही. एका चाकाजवळची नळी फुटली तर तिथून द्रव बाहेर पडतो आणि बाकीची तीन धडधाकट चाकेही ब्रेकविना राहतात. दांड्यांच्या गाडीत एक दांडा तुटला तर एकच चाक गेले असते. चारही चाकांना जोडणाऱ्या गुणानेच चारही चाकांना एका संकटात बांधले. एकच मंडल असलेल्या जुन्या गाडीचे ब्रेक 'अचानक' जातात, याचे मूळ कारण हे.

रेल्वेची साखळी

रेल्वेने हा धडा मोटारीच्या आधी आणि फार मोठी किंमत देऊन घेतला होता. १८६९ मध्ये जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी हवेच्या दाबाच्या ब्रेकचे पेटंट घेतले. पहिल्या रचनेत इंजिनातून हवा सोडली की डब्यांचे ब्रेक लागत. म्हणजे नळी तुटली की ब्रेक गेले. १८७२ मध्ये त्यांनी तत्त्वच उलटे केले. नळीत दाब कायम ठेवायचा. दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले, दाब उतरला की ब्रेक लागलेले. नळी तुटली तर गाडी आपोआप थांबते.

हे सर्वांनी लगेच स्वीकारले नाही. १८८९ मध्ये आयर्लंडमध्ये आर्मा येथे सहलीची एक आगगाडी चढावर अडली. तिला निर्वात पोकळीवर चालणारे ब्रेक होते, पण आपोआप लागणारे नव्हते. पुढचे डबे वर नेण्यासाठी गाडी मध्ये तोडली आणि मागच्या डब्यांचे ब्रेक त्याच क्षणी नाहीसे झाले. डबे उतारावरून मागे धावत सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मरण पावली. त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले.

आपल्याकडेही निर्वात ब्रेकच्या गाड्या अनेक वर्षे धावल्या. डब्यातली साखळी ओढली की नळीत हवा शिरे आणि ब्रेक लागे. साखळी ओढणारा प्रवासी ब्रेक 'लावत' नसे. तो ब्रेकच्या नळीला जाणूनबुजून गळती करत असे. आगगाडीत गळतीने ब्रेक लागतो आणि मोटारीत गळतीने ब्रेक जातो, ही तुलना फळ्यावर शेजारी शेजारी मांडण्यासारखी आहे.

मग मोटारीत तसे का केले नाही? आगगाडीचे इंजिन पंप आणि हवेच्या टाक्या वाहू शकते. लहान मोटारीत तो पसारा परवडणारा नव्हता. पायाच्या बळावर चालणारी स्वस्त रचनाच तिथे टिकणार होती. म्हणून मोटारीने वेगळा मार्ग काढला. बिघाड झाल्यावर ब्रेक आपोआप लागावा असे करता येत नसेल, तर निदान एका बिघाडाने सगळे ब्रेक जाऊ नयेत. मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक दोन दट्टे आणि त्यांची दोन वेगळी मंडले बसवली. एक मंडल रिकामे झाले तर त्याचा दट्ट्या पुढे सरकून टेकतो. पेडल बरेच खाली जाते, पण दुसरे मंडल गाडी थांबवते. अमेरिकेत कॅडिलॅकने १९६२ मध्ये अशी रचना दिली आणि १९६८ पासून तिथे नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. लॉकहीड यांच्या पेटंटपासून याला पन्नास वर्षे लागली. आपल्याकडच्या अनेक जुन्या गाड्यांचे आराखडे त्याआधीचे होते. माझ्या मित्राची गाडी त्यांतलीच, एका मंडलाची.

गळती नव्हती, मग जागा कुठून आली?

आमच्या गाडीत द्रव पूर्ण होता. कुठे ओलसुद्धा नव्हती. तरी पेडल तळाला गेले, म्हणजे द्रवाला सरकायला जागा मिळाली होती. ती जागा बाहेर नव्हती, तेव्हा आतच असली पाहिजे.

द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो. आठही दट्टे प्रत्येकी अर्धा मिलिमीटर सरकायला फक्त १.६ घनसेंटिमीटर द्रव लागतो. त्यासाठी मास्टर सिलिंडरचा दट्ट्या सुमारे ५ मिलिमीटर, आणि पेडल त्याच्या पाचपट, म्हणजे पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास खाली जाते. आता नळीत ३ घनसेंटिमीटरचा, अर्धा चमचाभर, बुडबुडा आहे असे धरू. ३३ किलोच्या दाबाखाली तो आपल्या मूळ आकाराच्या चौतिसाव्या हिश्शाएवढा होतो. ती जागा भरायला पेडल आणखी पावणेपाच सेंटिमीटर खाली जाते. बुडबुडा ६ घनसेंटिमीटरचा असेल तर पेडलचा प्रवास बारा सेंटिमीटरच्या पुढे जातो. बहुतेक गाड्यांत तिथे फळी लागते आणि दाब चढायचाच राहतो.

पण आदल्या दिवसापर्यंत ब्रेक उत्तम होते. बुडबुडा घाटात कुठून आला? तर उष्णतेतून. चौघांसह गाडीचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम धरू. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी थांबवली तर सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. चार बिडाच्या ड्रमांचे मिळून वस्तुमान २४ किलोग्रॅम असेल तर त्यांचे तापमान १४-१५ अंशांनी वाढते. हे काहीच नाही. परंतु खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत रस्ता सुमारे ५०० मीटर खाली उतरतो. त्या उंचीची स्थितिज ऊर्जा ५९ लाख ज्यूल होते. म्हणजे ६० च्या वेगावरून लागोपाठ पस्तीस वेळा गाडी थांबवल्यासारखे. वारा आणि इंजिन यांनी त्यातले काहीच घेतले नाही तर ड्रम ५०० अंशांनी तापतील. वारा बरीच उष्णता नेतो, हे खरे. पण गाडी खालच्या गिअरमध्ये असती तर इंजिननेही मोठा वाटा उचलला असता. न्यूट्रलवर टाकून आम्ही तो सगळा वाटा ब्रेकच्या गळ्यात घातला.

ड्रमची उष्णता शूमधून चाकाच्या सिलिंडरपर्यंत पोहोचते आणि आतला द्रव तापतो. आपण त्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण बहुतेक गाड्यांत तो तेल नसून ग्लायकॉल वर्गातल्या रसायनांचा असतो. एके काळी त्यात एरंडेल आणि अल्कोहोल वापरत. ग्लायकॉलचा द्रव रबराला सांभाळतो आणि उशिरा उकळतो. बाटलीवर 'डॉट ३' लिहिले असेल तर ताजा द्रव किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. 'डॉट ४' असेल तर २३० पर्यंत. पण त्याला हवेतली बाष्प शोषण्याची खोड आहे. रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या झाकणातून तो वर्षानुवर्षे पाणी पीत राहतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान १४० पर्यंत खाली येऊ शकतो. प्रमाणात तेवढी मुभा आहे. आणि पाण्याची वाफ किती होते पाहा. एका थेंबाचा पाचवा हिस्सा पाणी उकळले तर वातावरणीय दाबाला त्याची सुमारे सोळा घनसेंटिमीटर वाफ होते. पेडल तळाला न्यायला ती पुरेशी आहे.

आता मेकॅनिकचे निदान आठवा. तो येईपर्यंत ब्रेक निवले. वाफेचे पुन्हा पाणी झाले, ते द्रवात मिसळले आणि पेडल घट्ट झाले. पुरावा स्वतःच नाहीसा झाला होता. त्याने जे पाहिले ते खरेच होते. पण त्याने थंड गाडी पाहिली आणि बिघाड तापलेल्या गाडीचा होता.

पेडल काय सांगते?

ब्रेकचे निदान करताना सर्वांत बोलके साधन म्हणजे पेडल. ते कसे गेले, हे चालकाला विचारावे.

पेडल एकदम तळाला गेले आणि टाकीतला द्रवही कमी झाला असेल, तर बाहेर गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजू, रबरी नळ्या आणि नळ्यांचे जोड पाहावेत. गळती चाकाच्या सिलिंडरमधून असेल तर लायनर भिजतो आणि गाडी एका बाजूला ओढते. भिजलेला लायनर पुसून भागत नाही, बदलावा लागतो.

पाय स्थिर ठेवला असता पेडल हळूहळू खाली उतरत असेल आणि द्रव मात्र कमी होत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधली रबराची वाटी झिजली आहे. दाबलेला द्रव तिच्या कडेने मागच्या मागे निसटतो. मॉड्सलेची युक्ती तिथे हरली आहे. जुन्या गाडीत याची एक फसवी तऱ्हा आढळते. रोजच्या वापरात दट्ट्या सिलिंडरच्या पहिल्या अर्ध्या भागातच फिरतो. पुढचा भाग मुरलेल्या पाण्याने गंजून खरबरीत होतो. मग कधी तरी हवा काढताना पेडल पूर्ण तळापर्यंत दाबले जाते, वाटी त्या गंजावरून घासते आणि तिची कड फाटते. 'दुरुस्ती केली आणि दोन दिवसांत ब्रेक गेले' या तक्रारीमागे पुष्कळदा हे असते.

पेडल स्पंजासारखे लागत असेल आणि चार-पाच वेळा मारल्यावर वर येत असेल, तर नळीत हवा आहे. पहिल्या दाबाला खाली पण दुसऱ्या दाबाला वर आणि घट्ट असेल, तर शू आणि ड्रम यांतले अंतर वाढले आहे. पेडल दगडासारखे घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, असे असेल तर दोष द्रवात नसून घर्षणात आहे. तापून लायनर निसरडा झाला आहे, किंवा ब्रेकला इंजिनाच्या निर्वाताची मदत मिळणारी गाडी असेल तर ती मदत थांबली आहे. आणि घाटात पेडल मऊ पडून तळाला गेले, थंड झाल्यावर परत आले, तर द्रव उकळला आहे. घाट उतरून चहाला थांबले असतानाही हे होऊ शकते. गाडी उभी राहिली की वारा थांबतो आणि ड्रमची उष्णता सिलिंडरकडे सरकते.

या शेवटच्या बिघाडावर दोन मंडलेही पुरी पडत नाहीत, कारण उष्णता दोन्ही मंडलांना सारखीच तापवते. त्यावर उपाय दोनच. उतरताना खालचा गिअर, आणि वेळच्या वेळी द्रव पूर्ण बदलणे. नुसती भर घालून चालत नाही. जुने पाणी आतच राहते. डिस्क ब्रेकने उष्णता बाहेर टाकण्याचा प्रश्न बराच सोडवला. १९५३ मध्ये ल मां येथेच चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या जॅग्वारने जिंकली आणि पुढे हे ब्रेक सर्वत्र पसरले. पण त्यांच्या नळ्यांतही हाच पाणी पिणारा द्रव आहे.

दुरुस्तीविषयी दोन सूचना. ब्रेकच्या टाकीत इंजिनाचे तेल चुकूनही घालू नये. 'ब्रेक ऑइल' या नावानेच ही चूक होते. खनिज तेलाने आतली रबरे फुगतात आणि मग सगळी रबरे बदलून, नळ्या धुऊन काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. दुसरी, ड्रम उघडल्यावर धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावे.

चालत्या गाडीत ब्रेक गेलेच तर पेडल भराभर मारावे, खालचा गिअर टाकावा, हातब्रेक झटक्याने न ओढता हळूहळू ओढावा. हातब्रेक तारेने चालतो; दांड्या-तारांच्या जुन्या ब्रेकचा तो आजही उरलेला अवशेष आहे आणि द्रवावर अवलंबून नाही. किल्ली फिरवून इंजिन बंद करू नये. इंजिनाचा अवरोध हाच तेव्हा आधार असतो आणि पुष्कळ गाड्यांत किल्ली काढली की सुकाणू अडकते.

वर्गात करून पाहा

औषधाच्या दुकानातून ५ आणि २० मिलिलिटरच्या, सुया नसलेल्या सिरिंज आणि सलाइनची नवी नळी आणा. दोन्ही सिरिंज पाण्याने भरून, हवा काढून नळीने जोडा. दोन मुलांना एकमेकांविरुद्ध दट्टे ढकलू द्या. लहान सिरिंजवाला जिंकेल. दोन्ही दट्टे किती सरकले ते पट्टीने मोजा. नंतर नळीत २ मिलिलिटर हवा घ्या आणि तेच करा. शेवटी नळीला टाचणीने भोक पाडा. दाबाचा नियम, मऊ पेडल आणि गळती, तिन्ही गोष्टी एका तासिकेत मुलांच्या अंगठ्याला कळतात.

राहिली आमची गाडी. मित्राला विचारले, द्रव कधी बदलला होता? त्यांना आठवेना. ते दर वेळी कमी झाला तेवढाच भरत आले होते. आम्ही सगळा द्रव काढून घेतला. तो काळपट झाला होता. थोडा प्रयोगशाळेत नेऊन, धूर बाहेर खेचणाऱ्या कपाटात सावकाश तापवला. तापमापक १३० च्या पुढे सरकला आणि बुडबुडे येऊ लागले. हा प्रयोग घरी किंवा वर्गात करू नये. द्रव पेट घेतो.

मित्राने नवा द्रव भरला, मास्टर सिलिंडरची रबरे बदलली, आणि टाकीच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने तारीख लिहिली. पुढच्या वेळी आम्ही तोच घाट उतरलो तेव्हा गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. मित्राने त्यांना बाजूने जाऊ दिले.